रेनेसाँ वास्तुकलेत नवं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खांब, गोल कमानी, घुमट हे सगळं रोमनांचंच. गोल कमानी तर मध्ययुगीन चर्चमध्येही दिसतात आणि फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट चक्क टोकदार आहे. मग रेनेसाँमध्ये, म्हणजे पंधराव्या शतकात इटलीत सुरू झालेल्या या शैलीत, नवं काय, असा तुमचा आक्षेप आहे.

घुमटाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. तो आकार १३६७ मध्येच ठरला होता. १४२० मध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने काम सुरू केलं तेव्हा खालची अष्टकोनी भिंत तयार होती. शिवाय टोकदार घुमटाचा बाहेरचा रेटा कमी असतो. बांधकाम म्हणून तो अचाट आहे, पण शैली ओळखायला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी ब्रुनेलेस्कीच्याच अनाथालयाची, ओस्पेदाले देल्यी इनोचेंतीची, ओवरी बघा. काम सुरू झालं १४१९ मध्ये.

तिथे दोन खांबांमधलं अंतर सुमारे १० ब्राच्चा (फ्लॉरेन्सचं तेव्हाचं लांबीचं माप), म्हणजे ५.८ मीटरच्या आसपास. खांबाची उंची जवळपास तेवढीच, ओवरीची खोलीही तेवढीच. प्रत्येक खण म्हणजे एक घन, वर छोटा घुमट. एक माप ठरलं की बाकीची त्यातूनच निघतात. नवं आहे ते हे.

गोल कमानीचं कारणही त्यातच आहे. टोकदार कमानीत खण थोडा कमी-जास्त झाला तरी बाक बदलून सगळे माथे एका रेषेत आणता येतात. अर्धवर्तुळाची उंची मात्र रुंदीच्या निम्मीच. एक खण अरुंद झाला की माथा खाली येतो आणि वरची आडवी पट्टी ती चूक उघडी पाडते. आधीचे गवंडी अशा वेळी कमानीचे पाय उंच करून निभावून नेत.

ही शिस्त अडते चौकाच्या कोपऱ्यात. मिकेलोत्सो या वास्तुकाराच्या फ्लॉरेन्समधल्या मेदिची वाड्यात (१४४४ पासून) कोपऱ्यातल्या एकाच खांबावर दोन्ही बाजूंच्या कमानी टेकतात. खिडक्या कमानींच्या मध्यावर, त्यामुळे कोपऱ्याजवळच्या दोन खिडक्या एकमेकींना खेटतात. एवढ्या भिंतीखाली तो एकटा खांब फारच किरकोळ वाटतो. इटलीतल्याच उर्बिनो शहराच्या राजवाड्यात वास्तुकार लुचियानो लाउरानाने तिथे काटकोनी जाड खांब घातला. कमानी त्याच्या अर्धखांबांवर उतरतात, बाहेरच्या अंगाला भिंतीलगतचे चपटे खांब वरची पट्टी पेलतात. कोपऱ्याला जाडी मिळाली आणि खिडक्याही मोकळ्या झाल्या. दोन्ही चौकांत खांब रोमन वळणाचेच आहेत. फरक हिशेबाचा आहे.