साडी नेसून चाललं की म्हणे हार्मोन बदलतात!

"सावधान पालकांनो" असा एक फॉरवर्ड फिरतोय. काल तो बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर आला, वर तिच्या मावशींनी हात जोडलेले इमोजी टाकले. मी घरी अधूनमधून साडी नेसतो, बायकोला लग्नाआधीपासून माहितीये, त्यामुळे गप्प बसवेना. फॉरवर्डचं म्हणणं असं: बायकी लकबी उपजत असतात, पुरुषाला जमत नाहीत, शिकायला गेला तर हार्मोन बिघडून कंबर रुंद होते, साडी नेसणारे पुरुष सगळे गे असतात, हे परदेशी फॅड आहे, आणि उपाय म्हणजे लग्न लावून द्या, आपोआप सुटतं.

उपजत? अहो, आठ-दहा वर्षांच्या पोरीला घरात दिवसभर काय ऐकवतात ते आठवा. नीट बस, पाय जवळ घे, केवढ्याने हसतेस, ओढणी सावर. उपजत असतं तर एवढा घसा कशाला कोरडा केला असता? मीपण असाच शिकलो, बोलणी खाऊन. जिना चढताना मी साडी मुठीत धरून पार गुडघ्यापर्यंत घ्यायचो. बायको म्हणाली, अरे निऱ्या नुसत्या चिमटीत धर, जराशा उचल आणि खाली बघू नको. बरं, पाचवारीचा घेर पावलाला अडवतो म्हणून पाऊल छोटं पडतं, तेच नऊवारीचा कासोटा घातलेली बाई शेतात ढांगा टाकत जाते, मग यातली उपजत चाल कुठली?

आणि पुरुषाला जमत नाही म्हणणाऱ्यांनी बालगंधर्व हे नाव ऐकलंय की नाही? नारायणराव राजहंस. 1911 ला 'मानापमान'मधली भामिनी, 1916 ला 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 1919 ला 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांचं बघून तेव्हाच्या घरंदाज बायका साडी नेसायची, गजरा माळायची ढब उचलायच्या, म्हणजे बायकाच पुरुषाकडून शिकत होत्या! हाच माणूस 1935 ला 'धर्मात्मा' सिनेमात संत एकनाथ झाला. परदेशी फॅडचा मुद्दापण इथेच संपला, दशावतारातल्या स्त्रीपार्टीबद्दल तर मी बोलतच नाही. आता कोणी म्हणेल नाटक वेगळं, तुझं वेगळं. आहेच वेगळं, मी पोटासाठी करत नाही, आवडतं म्हणून करतो. पण प्रश्न जमतं का हा होता ना?

एक गोष्ट अर्धी खरी आहे, मान्य करतो. बाईच्या कंबरेच्या हाडाची ठेवण वेगळी असते आणि चालीत थोडा फरक पडतो. 1977 मध्ये कोझलोव्स्की आणि कटिंग या संशोधकांनी माणसांच्या सांध्यांवर चमकत्या पट्ट्या लावून त्यांना चालवलं, बघणाऱ्यांना अंधारात नुसते ठिपके दिसत होते, तरी बाई की पुरुष हे बरेचदा ओळखता आलं. पण चुकलेपण भरपूर.

हार्मोनचं काय बोलायचं. इस्ट्रोजेन शरीरात तयार होतं, निऱ्यांमध्ये नाही. वाढ संपल्यावर कंबरेचं हाड कोणाच्याही चालण्याने रुंद होत नाही. आणि गे? काय नेसायला आवडतं आणि कोण आवडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शिवाय कोणी असेलच गे तर असू दे, त्यात सावधान कशापासून व्हायचं?

डोकं फिरतं ते लग्नाच्या मुद्द्यावर. पहिलं म्हणजे हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या यादीत होता, 2022 पासून लागू झालेल्या यादीत काढून टाकलाय. दुसरं, लग्नाने सुटत नाही हो, फक्त लपतं. साडी माळ्यावरच्या बॅगेत जाते, मग कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत बायकोला तिथे लिपस्टिक आणि दुसऱ्याच मापाचा ब्लाऊज सापडतो, आणि तिला वाटतं नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे. तो काही बोलत नाही, सासूला सगळं आधीपासून माहिती असतं तीपण बोलत नाही, आणि ती बिचारी माहेरी येऊन रडते. या उपायात तिचा विचार कोणी केलाय? लग्न ठरवायचंच असेल तर आधी मुलीला सगळं स्पष्ट सांगा, आणि ती नाही म्हणाली तर निमूटपणे ऐका.