तारीख लिहा हो, निदान तारीख तरी!

परत तेच. किडनी ट्रान्सप्लांटची फाइल आलीय, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) १.४ लिहिलंय, तारीख गायब. आता हा तिसऱ्या महिन्याचा आकडा की वर्षानंतरचा, हे मी काय कुंडली मांडून बघू?

टॅक्रोलिमसचं, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या गोळीचं, तर विचारूच नका. सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त काढायचं असतं, तरच ती ट्रफ लेव्हल, म्हणजे औषधाची रक्तातली सगळ्यात खालची पातळी, पण माणूस पनवेलहून हार्बरने धक्के खात येतो, गोळी घरीच घेऊन निघालेला असतो, कोणी विचारत नाही, मग आकडा वाढलेला येतो आणि एंट्री होते ट्रफ म्हणूनच. वा!

आणि डायलिसिस कधी सुरू झालं ती तारीख? 'साधारण दिवाळीच्या आसपास'. अहो, कॅडेव्हर, म्हणजे मृत दात्याच्या, किडनीच्या यादीत डायलिसिसच्या महिन्यांवर मार्क मिळतात, ती यादी ठेवणाऱ्या झेडटीसीसीला दिवाळी कळवू का?

सगळ्यात डोक्यात जातं ते 'स्टेबल'. ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली किडनी, चालतोय की नाही ते लिहा ना. फॉलोअपला न आलेला पेशंटही आमच्याकडे गेल्या वेळच्या रिपोर्टवर ठणठणीत असतो, फोन केला की घरचे सांगतात ते परत डायलिसिसवर गेलेत म्हणून, पण फोन करणार कोण, डेटाला वेगळा माणूस द्यायचा नाही, कोऑर्डिनेटरनेच डोनरच्या नातेवाइकांशी बोलायचं, पोलिसांचे कागद करायचे आणि उरलेल्या वेळात हे भरायचं. वर मीटिंगमध्ये सर विचारणार, 'आपला ग्राफ्ट सर्व्हायव्हल मस्त दिसतोय, नाही?' दिसणारच की, सर!