पटाईताला काय येत नाही?

'फॉर ऑनर'सारख्या तलवारबाजीच्या व्हिडिओ खेळासाठी नवा योद्धा सुचवा म्हटलं, की मराठी माणसाला पाच मिनिटं पुरतात. मावळा. हातात दांडपट्टा. डोक्याला पागोटं. समोरचा पडला की 'हर हर महादेव'. झालं! पुढचे तीन महिने मात्र एकाच प्रश्नाशी झटापट करण्यात जातात: याला काय येत नाही?

हा प्रश्न चारचौघांत विचारून बघा. आधी शांतता पसरते. मग कुणीतरी दुखावल्या आवाजात म्हणतं, "मावळ्याला येत नाही असं काय असणार?" आणि नवा योद्धा तिथेच मरतो. कारण या खेळात शस्त्र कुणालाही सुचतं, घोडं पेंड खातं ते उणिवेपाशी. सगळं येणारा गडी एक आठवडा सगळ्यांना आवडतो, दुसऱ्या आठवड्यात मैदानात आठही जण तोच घेऊन उतरतात, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचे पंख छाटले जातात.

आधी एक शंका निकालात काढू. "पट्टा सतराव्या शतकातला, मध्ययुगीन कसा?" शाळेच्या इतिहासात शिवकाल मध्ययुगातच शिकवतात. शिवाय 2017 साली आलेल्या या खेळात पहिल्या दिवसापासून नाइट, व्हायकिंग आणि सामुराई एकाच चिखलात एकमेकांना हाणताहेत, 2018 साली त्यात चिनी योद्धेही उतरले. व्हायकिंगांचा जमाना अकराव्या शतकात संपला होता. ज्या पंगतीत ते बसलेत तिथे आमच्या माणसाचा जन्मदाखला कोण मागतंय?

आता मुद्द्याचं. इथे वार तीन बाजूंनी होतो: डावा, उजवा आणि वरचा. ज्या बाजूने येतो त्या बाजूला पहारा धरला की अडतो. हलका वार साधारण 500 मिलिसेकंदांचा. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं धरली तर 30 चित्रं. माणसाच्या डोळ्याला दिसून बोट हलायला 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, वर पडदा आणि इंटरनेट आपापली दलाली कापून घेतात. म्हणजे 500चा वार चांगला खेळाडू बघून अडवतो, 400चा वार अंदाजाने. नवशिके योद्धा लिहितात आणि वाराचा वेग 300 ठेवतात. त्याला लढाई म्हणत नाहीत, ती लॉटरी झाली.

आणि बघून अडवता येतं, तर मग हल्ला कोण करेल? पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. जो आधी हात उचलेल तो मार खाणार, म्हणून दोघेही शस्त्र रोखून उभे, लग्नाच्या पंगतीत 'आधी तुम्ही घ्या' चालतं तसे. म्हणून प्रत्येक योद्ध्याला समोरच्याचं दार उघडायची एक किल्ली द्यावी लागते: अडवता न येणारा धक्का, लाथ, ढालीचा रट्टा, काहीतरी. नवा योद्धा लिहिताना पहिली ओळ ही. पागोट्याचा रंग नंतर.

तर आमचा गडी. नाव 'मावळा' नको, 'पटाईत' ठेवा. पटा चालवण्यात जो तयार तो पटाईत. शब्द तिथूनच आला आणि पुढे पत्ते पिसणाऱ्यापासून थापा मारणाऱ्यापर्यंत सगळ्यांना लागला. पट्टा म्हणजे तीन-साडेतीन फुटांचं सरळ, दुधारी, लवचीक पातं, आणि मुठीच्या जागी हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा. आतली आडवी मूठ पकडायची. हात सुरक्षित, पण मनगट कैद. तलवार मनगटाने वळते, पट्टा कोपर, खांदा आणि कंबर मिळून फिरवतात. एकदा फिरला की फिरला.

उणीव इथेच पडलेली आहे, शोधायला कुठे जायला नको. पटाईताला चालू फिरकीत हूल देता येत नाही.

बहुतेक योद्धे जड वार उचलून मध्येच सोडून देतात, समोरचा फसला की दुसरीकडून घालतात. पटाईताने डावीकडून फिरकी सुरू केली की पुढची उजवीकडूनच येणार, मग पुन्हा डावीकडून. समोरच्याला ते पाठ होतं. ही ओळ वाचून दाखवली की बैठक पेटते. "म्हणजे मराठा हूल देत नाही? मग गनिमी कावा काय होता, भजन?"

प्रश्न रास्त आहे, त्यामुळे तडजोड करावी लागते. हूल हाताने नाही, पायाने. मर्दानी खेळात पवित्र्याला जे महत्त्व आहे ते इथे वापरायचं: पहिल्या फिरकीचे पहिले 300 मिलिसेकंद ती सोडून बाजूला सरकता येईल, त्यानंतर नाही. पहिली फिरकी 700ची, पुढच्या 600च्या. दमसास 120, प्रत्येक फिरकीला 15 खर्च. आठव्या फिरकीला गडी धापा टाकत उभा, आणि दमलेल्या योद्ध्याचं या खेळात काय होतं ते सांगायला नको. जीव 115, हलका वार 12चा, जड 26चा. म्हणजे अशाच दुसऱ्या पटाईताला पाडायला दहा हलके किंवा पाच जड. दार उघडायची किल्ली म्हणजे खोबळ्याचा ठोसा: 500 मिलिसेकंद, अडवता येत नाही, लागला तर एक हलका वार हक्काचा. पण समोरचा बाजूला झाला, तर लोखंडात अडकलेला हात हवेत आणि बरगडी उघडी. भरपाई तिथल्या तिथे.

पातं लवतं, हे चित्रकाराला आवडतं आणि गणित करणाऱ्याला रडवतं. लवणारं टोक भिंतीतून आरपार दिसतं, स्वतःच्याच मांडीतून जातं. उपाय साधा: दिसायला लवू द्या, लागण्यापुरतं सरळ काठीसारखं धरा.

शेवटच्या घावाच्या नाट्यावरही वाद होतो. जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापण्याचा मर्दानी खेळातला प्रकार तिथे हवाच, ही मागणी मला मान्य. पूर्ण घोषणा, त्यावर तुतारी, मग मिशीला पीळ, हे अमान्य. तेवढ्या वेळात शत्रूचा मित्र येऊन मिशीसकट नेतो. लिंबू दोन सेकंदांत कापा आणि पुढे चला.

दुसरी हमखास सूचना विट्याची. विटा म्हणजे मनगटाला दोरी बांधलेला भाला. फेकायचा, दोरीने परत ओढायचा. कागदावर इतकं देखणं काही नाही. मैदानात चार विरुद्ध चार चालू असताना ती दोरी खांबाला, दाराला आणि स्वतःच्याच तीन मित्रांना अडकते. इथे आपल्याच माणसालाही मार लागतो. त्यातून कुणी म्हणतो की भाला रुतला की शत्रूलाच ओढून घ्यायचं. ज्या खेळात पुलावरून ढकलून मारणाऱ्याला आधीच शिव्या पडतात, तिथे सहा मीटरवरून ओढून दरीत टाकणारा आणला, तर दुसऱ्या दिवशी लोक रमी खेळायला लागतील. ओढ द्या, पण एक पाऊलभर, आणि फेकल्यावर विटा हातात येईपर्यंत पहारा बंद.

वाघनखांचं एका वाक्यात: मुठीत लपतात हाच त्यांचा गुण, आणि दुरून शस्त्र ओळखू यायलाच हवं हा खेळाचा नियम, तेव्हा ती शेवटच्या गळाभेटीपुरती ठेवा.

परदेशी सूचनांची तऱ्हा वेगळी नाही. स्विस हॅलबर्ड खरं तर या खेळासाठीच घडवल्यासारखं: पुढे कुऱ्हाड, मागे आकडा, वर टोक. पण लांब दांड्याचा कुऱ्हाडवाला नाइट तिथे आधीपासून बसलाय. इटलीतल्या जेनोआचा क्रॉसबोवाला, म्हणजे चापाच्या आडव्या धनुष्याचा तिरंदाज, सुचवणाऱ्यांनी इंग्रज-फ्रेंचांची क्रेसीची लढाई आठवावी. 1346 साली या जेनोआवाल्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानातच राहिल्या होत्या आणि त्यांचा एक बाण जाईपर्यंत समोरचे इंग्रज तिरंदाज कितीतरी सोडत होते. भारी क्रॉसबो चरकाने ताणावा लागतो. द्वंद्वात एक बाण सोडून माणूस उसाच्या गुऱ्हाळासारखा चरक फिरवत बसणार आणि समोरचा बघत उभा राहणार? आणि पूर्ण पोलादी चिलखतवाला म्हणजे गोगलगाय, हे तेवढं लिहू नका. पंधराव्या शतकातलं चांगलं चिलखत 20-25 किलोचं, वजन अंगभर वाटलेलं. ते घालून माणूस धावतो, पडला तर उठतो. सिमेंटचं पोतं त्याच्या दुप्पट आणि तेही एकाच खांद्यावर.

फिरकीचे आकडे खरे वाटतात का, हे घरी तपासता येतं. लाकडी फूटपट्टी तळव्यापासून कोपराकडे धरून हाताला फडक्याने घट्ट बांधा, म्हणजे मनगट कैद. मुठीत वर्तमानपत्राची तीन फुटी सुरळी. मोबाइल समोर ठेवून सेकंदाला 60 चित्रांवर चित्रण करा आणि नंतर एकेक चित्र पुढे सरकवत मोजा. सुरळी दिसायच्या आधी खांदा हललेला दिसेल. समोरच्याला बाजू कळते ती त्या खांद्यावरून. तो सहाव्या चित्रापर्यंत हलला नाही तर वार अन्यायाचा, खांदा आणखी मागे न्या. सलग आठ फिरक्या मारून बघा, दमसासाचा आकडा बरोबर ठेवलाय का ते पाचवीलाच कळेल.

वरचा वार तपासण्याआधी पंखा बंद करा. आणि फूटपट्टी डाव्या हाताने सुटेल अशी गाठ मारा, कारण उजवा बांधलेला असतानाच दारावरची बेल वाजते.