पाच कोटींचा फॉरवर्ड आणि सोलापूरचे माग

आमच्या यंत्रमागवाल्यांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: पाच कोटी लोकांपर्यंत पोचायला टेलिफोनला ७५ वर्षं लागली, रेडिओला ३८, टीव्हीला १३, इंटरनेटला ४ आणि एआयला जेमतेम महिना-दोन महिने. खाली कुणीतरी आपली भर घातली आहे: ‘दोन वर्षांत सोलापूरचे माग बंद.’

आधी मोजणीच बघा. टेलिफोनची वर्षं १८७६पासून, शोध लागला तिथून धरलीत. इंटरनेटची मात्र वेब सगळ्यांना खुलं झालं त्या १९९३च्या सुमारापासून. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट १९६९चं. तिथून मोजलं तर चाराची पंचविशी उलटते.

टेलिफोनला खांब रोवत, तारा ओढत जावं लागलं. एआय आलं ते आधीच खिशात असलेल्या मोबाइलवर. यूपीआयचंही तेच. २०१६ला आलं आणि भाजीच्या पाटीवर क्यूआर लागला, कारण बँक खातं आणि फोन हातात होताच.

खरी गल्लत पुढं आहे. फोनवर उघडणं वेगळं, कारखान्यात मुरणं वेगळं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२चं. १९०० साली अमेरिकेतल्या कारखान्यांच्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा पाच टक्केसुद्धा नव्हता. तिथं एका इंजिनावर लांब शाफ्ट आणि पट्टे फिरायचे. त्या जागी नुसती मोठी मोटार बसवून फारसं साधलं नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार आली, इमारतींची मांडणी बदलली, तेव्हा १९२०च्या दशकात उत्पादकता वाढली.

एवढ्या लांब कशाला जा? चादरीच्या मागावरचा जकार्ड, म्हणजे नक्षी विणणारी यंत्रणा, बघा. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असलं की हूक उभा धागा उचलतो, नसलं की नाही. कार्डांची माळ पुढं सरकते तशी नक्षी उतरते. ही युक्ती १८०४ची. कार्डाऐवजी संगणकाच्या फाइलवर चालणारा जकार्ड १९८३ला बाजारात आला, तरी कार्डवाले जकार्ड आपल्याकडं अजून खडखडतायत. ते काय कारखानदार अडाणी आहेत म्हणून? नवा जकार्ड जुन्या धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी नळीच्या) संथ मागावर चढवून पैसे वसूल होत नाहीत. मग मागही नवा हवा, तो दुरुस्त करणारा फिटर हवा, सुटे भाग वेळेवर हवेत, नगावर ठरलेली मजुरी नव्यानं ठरवायला हवी. यातलं एकही काम ॲप डाउनलोड करून होत नाही.

माग बंद पडतायत, हे खरंच आहे. पण सोलापुरात मागांचे कारखाने असलेल्या अक्कलकोट रोडवर कुणालाही कारण विचारा, तो एआय नाही, सुताचा भाव सांगेल, नाहीतर ‘सोलापुरी’ म्हणून खपणाऱ्या पानिपतच्या स्वस्त चादरी.