गोळ्या चालू ठेवा

अमेरिका झोपली की मी कामाला बसते. तिथल्या डॉक्टरांनी दिवसभरात लिहिलेल्या नोट्स पुण्यात बसून वाचायच्या आणि प्रत्येक व्हिजिटला बिलासाठी कोड लावायचा. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. नातेवाइकांच्या लेखी मी 'औषधांच्या कंपनीत' आहे, आणि ते खोडून काढायचा नाद मी केव्हाच सोडलाय.

९९२१३ म्हणजे लेव्हल थ्री, ९९२१४ म्हणजे लेव्हल फोर. फोरला पैसे जास्त. आजार किती गुंतागुंतीचा, रिपोर्ट किती बघितले आणि जोखीम किती, या तिन्हींत दोन गोष्टी मध्यम निघाल्या की फोर. (वेळ मोजूनही लेव्हल देता येते, पण किती वेळ लागला हे लिहायला डॉक्टरांना वेळ नसतो.) बीपी आणि शुगर दोन्ही असलेला पेशंट आला की आजाराचं काम झालं. जोखमीसाठी लागतं 'प्रिस्क्रिप्शन ड्रग मॅनेजमेंट'. औषध का चालू ठेवलं, डोस का वाढवला, का थांबवलं, एवढं एका ओळीत लिहिलं तरी भागतं. २०२१ पासून ओपीडीच्या व्हिजिटला हिस्टरी-तपासणीचे मुद्दे मोजणं बंद झालं आणि सगळी मदार डॉक्टरांच्या विचारावर आली. म्हणजे तो विचार शोधणाऱ्या माझ्यावर.

आणि डॉक्टर लिहितात, 'मेड्स रिव्ह्यूड. कंटिन्यू.'

वर कॉम्प्युटरने आपणहून ओढून आणलेली औषधांची लांबलचक यादी. त्यात बीपीची गोळी, व्हिटॅमिन डी आणि कधीकाळच्या खोकल्याचं अँटिबायोटिकसुद्धा. नुसत्या यादीवर फोर मिळत असता तर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने रोज फोरच लावला असता.

मग डॉक्टरांना क्वेरी पाठवायची. तीही उत्तर सुचवणारी नको. 'तुम्ही बीपीच्या गोळीचा विचार केलात ना हो?' असं विचारलं तर ऑडिटर मलाच धरतो. म्हणून मी अत्यंत अदबीने, काहीच न सुचवता, 'औषधांबाबतचा निर्णय कृपया स्पष्ट करावा' असं लिहिते. उत्तर येतं, 'सी नोट.' म्हणजे नोटच बघा.

अशाच एका सकाळी आत्याचा फोन आला.

"अगं, ती अ‍ॅम्लो पाचची घेत होते ना, तिने पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी ती बंद केली, टेल्मा चाळीस दिली. पंधरा दिवसांनी बीपी बघून ठरवू म्हणाले. आणि शुगरची तीच ठेवलीय, रिपोर्ट चांगला आहे म्हणून."

औषध, डोस, बदलाचं कारण, पुढचा बेत. शिवाय चालू ठेवलेल्या गोळीचंही कारण! माझा हात आपोआप ९९२१४ कडे गेला.

"आत्या, तू डॉक्टर का नाही झालीस गं?"

"तुझ्या आजोबांनी बारावीनंतर लग्न लावलं म्हणून," आत्या म्हणाली. हेही कारणासकट.

शेवटी टीम लीडने डॉक्टरांसाठी एक ट्रेनिंग ठेवलं. आत्याचं नाव न घेता तिचं उदाहरण मी स्लाइडवर टाकलं. डॉक्टरांनी मन लावून ऐकलं. दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांच्या नोट्सच्या तळाशी एक नवी ओळ यायला लागली, 'प्रिस्क्रिप्शन ड्रग मॅनेजमेंट डन.' कुठलं औषध, कशासाठी, काही नाही. टेम्प्लेटमध्येच टाकून ठेवलंय त्यांनी. काल कानातला मळ काढायला आलेल्या, एकही गोळी न घेणाऱ्या पेशंटचंही डन झालंय.

क्वेरी पाठवलीय. अदबीने.