बॅकफ्लिपमुळे सूर्या बोनालीचं सुवर्ण गेलं? नाही!

एक क्लिप अधूनमधून फिरत असते. फ्रान्सची फिगर स्केटर सूर्या बोनाली बर्फावर उलटी कोलांटी घेते आणि एकाच पायावर उतरते. खाली साधारण असा मजकूर: ‘जगातली पहिली बॅकफ्लिप! यासाठी १९९८च्या ऑलिंपिकमध्ये सूर्या बोनालीला अपात्र ठरवून सुवर्णपदक हिरावलं. कृष्णवर्णीय म्हणून तिला कधीच काही जिंकू दिलं नाही.’

क्लिप शंभर टक्के खरी. मजकुराचं मात्र तसं नाही.

‘जगातली पहिली’ हे तर सरळच चूक. अमेरिकेच्या टेरी कुबिकाने १९७६च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये बॅकफ्लिप मारली होती. त्यानंतर लगेच या उडीवर बंदी आली, तेव्हा सूर्या जेमतेम तीन वर्षांची. तिचं वेगळेपण उतरण्यात आहे. हवेत पाय फाकवून ती एकाच ब्लेडवर उतरली, ऑलिंपिकमध्ये तसं आधी कुणी केलं नव्हतं.

अपात्र? छे. १९९८च्या त्या नागानो ऑलिंपिकच्या निकालात तिचं नाव दहाव्या क्रमांकावर आहे. गुण कापले गेले, बस्स. सुवर्णाचं म्हणाल, तर शॉर्ट प्रोग्रॅमनंतरच, म्हणजे दोनपैकी पहिल्या, छोट्या फेरीनंतरच ती सहावी होती. त्या वेळच्या पद्धतीत शॉर्टमधल्या क्रमांकाचे निम्मे आणि फ्री स्केटमधल्या, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या फेरीतल्या क्रमांकाचे पूर्ण गुण धरत, बेरीज कमी तो वर. म्हणजे फ्री स्केट जिंकूनही तिची बेरीज ४ झाली असती. तारा लिपिन्स्की २ वर जिंकली, मिशेल क्वान अडीचवर दुसरी. त्यात १९९६मध्ये सूर्याची टाचेमागची शीर तुटली होती, आणि त्या रात्री ती पडलीही. पदक हातचं गेल्यावर तिने नियम माहीत असताना, जाणूनबुजून ती उडी मारली. मला विचाराल तर तिला ‘बिचारी’ ठरवणाऱ्या मजकुरापेक्षा हे कितीतरी भारी आहे.

आता ‘कधीच काही नाही’. १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा युरोपियन विजेतेपद, नऊ वेळा फ्रान्सची विजेती, १९९३ ते १९९५ सलग तीन वेळा जागतिक रौप्य. याला काहीच नाही म्हणायचं?

पण वर्णाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. कलात्मकतेचे गुण हा परीक्षकांच्या आवडीचा मामला होता, आणि नाजूक, बॅले-छापाच्या स्केटरकडे त्यांचा ओढा असे. सूर्या टंबलिंग, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधल्या कोलांट्या करून आलेली, ताकदीची. १९९४मध्ये जपानमधल्या चिबा इथे जागतिक स्पर्धेत तिची आणि जपानच्याच युका सातोची बरोबरी झाली आणि टायब्रेकमध्ये ५ विरुद्ध ४ परीक्षकांनी सातोच्या बाजूने कौल दिला. सूर्या पोडियमवर चढेना. बाजूलाच उभी राहिली. शेवटी तिला वर ओढून घेतलं, गळ्यात पदक घातलं, तर तिने ते काढून टाकलं. लोकांनी हुर्यो उडवली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. अन्यायाबद्दल बोलायचंच असेल तर ही क्लिप फिरवा की! निकाल वर्णामुळेच लागला असं सिद्ध करता येणार नाही, पण वाद घालायला निदान खरी जागा आहे.

राहता राहिली बॅकफ्लिप. २०२४च्या मॉन्ट्रियल जागतिक स्पर्धेत फ्रान्सच्याच अ‍ॅडम सियाओ हिम फाने ती मारली, २ गुण गमावले आणि तरीही शॉर्टमधल्या एकोणिसाव्या क्रमांकावरून कांस्यपदकापर्यंत पोचला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने बंदी उठवली.