अंग धुऊन मग पाण्यात

पुण्यात आमचा फ्लॅट आहे त्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच वाद चाललाय: क्लबहाउसमध्ये जकूझी, म्हणजे बसायचा गरम पाण्याचा मोठा टब, बसवायची का? अर्धे म्हणतात, मार्चपासून टँकर मागवतो आपण, ही चैन कशाला? उरलेल्यांना वाटतं, गुडघे-पाठ धरलेल्या ज्येष्ठांना शेक मिळेल. मी तोक्योत निशी-कासाईला राहते. इथे गरम पाण्यात बसणं हा रोजचा रिवाज आहे.

शेकाचं मला पटतं. मागच्या हिवाळ्यात आई आली होती. जिना उतरताना तिला भिंत धरावी लागायची. रात्री टबात गळ्यापर्यंत बसली की पाणी तिचा भार उचलायचं, उबेने स्नायू सैल पडायचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अगं, रात्री कूस बदलताना गुडघा कळला नाही." झोपायच्या तास-दोन तास आधी बसलं तर झोपही लवकर लागते, कारण बाहेर आल्यावर शरीर आतून निवत जातं.

पण टँकरवाल्यांचा मुद्दाही खोटा नाही. इथल्या घरांनी तो कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. आधी टबाबाहेर, बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच टबात उतरायचं. त्यामुळे घरातले सगळे एकाच पाण्यात पाळीपाळीने बसतात. वर झाकण ठेवतात, म्हणजे ऊब टिकते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी नळीने वॉशिंग मशीनमध्ये जातं. सेंतोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका आजींनी काही न बोलता पिवळी बादली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. सगळा नियम त्यात आला.

हा नियम नसेल तर जकूझी नकोच. घामाच्या अंगाने लोक उतरले आणि क्लोरीन रोज तपासलं नाही, तर कोमट पाण्यात जंतू भराभर वाढतात. अंगावर पुरळ उठतं, फुप्फुसांचा संसर्गही होऊ शकतो. ज्येष्ठांसाठी आणखी एक: जपानमध्ये दर वर्षी हजारो वृद्ध आंघोळीच्या टबात दगावतात, जास्त करून हिवाळ्यात. थंड खोलीतून कढत पाण्यात गेलं की रक्तदाब वरखाली होतो. म्हणून सरकारच सांगतं, पाणी ४१ अंशांपर्यंत, वेळ १० मिनिटांपर्यंत. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. दारू पिऊन तर अजिबात नाही.

माझ्या मनाला जास्त लागतं ते वेगळंच. गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, संगमेश्वरकडचं तुरळ: आपल्याकडे जमिनीतूनच ऊन पाणी येतं, गॅस लागत नाही की वीज. लहानपणी आजीबरोबर अशाच एका कुंडावर गेले होते. पाण्यावर शाम्पूच्या पुड्या तरंगत होत्या, आणि आजी पायरीवरून पाय बुडवून परत फिरली. तिथे कुंडाआधी अंग धुवायला चार नळ, बसायला पाट, बायकांसाठी आडोसा आणि लक्ष ठेवायला एक माणूस, एवढं झालं तरी कितीतरी आज्या गळ्यापर्यंत बसू शकतील.

ग्रुपवर मी जकूझीला 'नाही' म्हटलंय आणि ज्येष्ठांची उन्हेऱ्याची सहल सुचवलीय. आईने पहिलं नाव दिलं.